नवं, स्वतंत्र मराठी कथासाहित्य शोधायचं कसं? (कथा, कादंबरी, रहस्य, भय, विज्ञान, सगळेच प्रकार)

देवराई

दुकानाच्या दर्शनी टेबलावरची चळत आणि पुरस्कारांच्या याद्या सोडल्या, तरी मराठीत दर वर्षी भरपूर कथासंग्रह आणि कादंबऱ्या येतात. काही लेखकाने पदरमोड करून छापलेल्या, काही दोन-तीन माणसांच्या प्रकाशनाने काढलेल्या, काही फक्त ई-बुक किंवा ऑडिओत असलेल्या. छापील आवृत्ती बहुधा पाचशे-हजार प्रतींची. वितरक आणि दुकानदार मिळून छापील किमतीतला मोठा वाटा घेतात, त्यामुळे असे कितीतरी लेखक दुकानात पुस्तक ठेवतच नाहीत. पुस्तक असतं, पण कुणाच्या नजरेला पडत नाही.

इथे शिफारशींची यादी नको, त्यासाठी वेगळा धागा आहे. शोधायच्या जागा, पद्धती आणि फसगत कुठे होते, एवढंच लिहावं. सुरुवात दिवाळी अंकांपासून करतो.

१९०९ साली का. र. मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या कथाकाराची पहिली गाठ बहुतेक वेळा दिवाळी अंकातच पडते. पण आपण अंक घेतो आणि ओळखीची नावं आधी वाचतो. उलटं करावं. ग्रंथालयातून गेल्या तीन वर्षांचे सात-आठ अंक काढा आणि फक्त अनुक्रमणिका बघा. कथा या सदराखालची सगळी नावं एका वहीत उतरवा, ज्यांची पुस्तकं माहीत आहेत ती खोडा. उरलेल्यांत जे नाव दोन वेगळ्या संपादकांच्या अंकांत दिसतं, त्याच्याखाली रेघ मारा. एका अंकात ओळखीने जागा मिळू शकते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन संपादकांनी तोच माणूस निवडला तर कथेत काहीतरी आहे असं धरायला हरकत नाही.

‘दीर्घकथा’ किंवा ‘लघुकादंबरी’ असं लिहिलेल्या मजकुराकडे जास्त लक्ष द्या. त्यातल्या कितीतरी पुढे एक-दोन वर्षांत वाढवून पुस्तकरूपात येतात. रहस्य, भय आणि विज्ञानकथांसाठी ‘धनंजय’ आणि ‘नवल’, विनोदासाठी ‘मोहिनी’. नवा अंक तीनशे-चारशे रुपयांच्या घरात जातो. एवढे अंक विकत घेणं परवडत नसेल तर अनेक ग्रंथालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, ती भरावी. संक्रांतीनंतर अंकांवरची झुंबड ओसरते, तेव्हा हवा तो अंक हवा तितके दिवस मिळतो.

फर्मा_सोळा

चांगला धागा. पुस्तक हातात आल्यावर काय बघायचं ते लिहितो.

शीर्षकपानाच्या मागचं पान आधी वाचा. प्रकाशकाचा पत्ता आणि लेखकाचा पत्ता एकच असेल तर पुस्तक स्वतः छापलेलं आहे. त्यात वाईट काही नाही. बघायचं ते पुढे: अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ यांपुढे वेगवेगळी नावं आहेत का? मुद्रितशोधनाला स्वतंत्र नाव असेल तर लेखकाने दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून मजकूर घातला आहे. संपादन किंवा संपादकीय साहाय्य असंही लिहिलेलं असेल तर फारच उत्तम, कारण लेखकाच्या खर्चाने निघालेल्या पुस्तकात सर्वांत आधी कात्री लागते ती संपादनाच्या पैशांना.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, आहे म्हणून पुस्तक चांगलं, हा समज सोडा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मोफत मिळतो, प्रकाशकालाही आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही. ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा क्रमांक पुस्तकाचा प्रकाशक भारतात नोंदलेला आहे एवढंच सांगतो. (कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही वेगळी संस्था. ती ग्रंथालयांना पुस्तकं पुरवते. दोन्हींची गल्लत नेहमी होते.)

मग तीन ठिकाणी उघडा: पहिलं पान, साधारण एक तृतीयांशावरचं पान आणि शेवटच्या चाळीस पानांतलं कुठलंही एक. पहिलं पान प्रत्येक जण घासूनपुसून लिहितो, त्यावर जाऊ नका. एक तृतीयांशावर संवाद सापडेल असं पान शोधा आणि ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ हाताने झाका. कोण बोलतंय ते कळतं का? सासू, तलाठी आणि कॉलेजातला मुलगा तिघेही वर्तमानपत्री मराठीत बोलत असतील तर तो दोष पुस्तकभर असणार. शेवटच्या पानांत घाई दिसते: महिनेच्या महिने एका परिच्छेदात उरकलेले, नवं पात्र येऊन गुंता सोडवतंय, असं असेल तर कागदाच्या खर्चापायी कादंबरी आवळली असण्याची शक्यता आहे. छपाई फर्म्याने होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र छापून. दोनशे पंधरा पानांची कादंबरी दोनशे आठ पानांत, म्हणजे तेरा फर्म्यांत बसवायचा मोह होतो, आणि कापाकापी बहुतेक वेळा शेवटाला होते.

शब्दझुला

फर्मा_सोळा, शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की पुस्तक खाली ठेवावं का?

फर्मा_सोळा

चूक कोणत्या जातीची आहे त्यावर. ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि अनुस्वाराच्या चुका पानोपानी असतील तर मुद्रितशोधन झालेलं नाही. पण ‘ऱ्या’ फुटलेला, रफार शेजारच्या अक्षरावर गेलेला, जोडाक्षरं सुटी पडलेली, असं असेल तर तो बहुधा फाँट बदलताना झालेला घोळ आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना या जागा हमखास बिघडतात. त्यात लेखकाच्या भाषेचा दोष नसतो. ई-बुकात हे जास्त दिसतं. अशा पुस्तकाची छापील प्रत मिळाली तर ती बघावी.

काजवा_९

किंडलबद्दल, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक दुकानाबद्दल लिहिते, कारण तिथे गाळण लावल्याशिवाय काहीच हाती लागत नाही.

किंडलवर मराठी ई-बुकं २०१६च्या अखेरीपासून अधिकृतपणे आहेत आणि लेखकाला प्रकाशकाशिवाय पुस्तक चढवता येतं. स्टोअरमध्ये भारतीय भाषांच्या विभागातून मराठी निवडा आणि क्रम ‘प्रकाशन दिनांक, नवे आधी’ असा लावा. विक्रीच्या क्रमाने लावलंत तर तीच ती जुनी नावं वर राहतात. मग प्रत्येक पुस्तकाच्या तपशिलात दोन गोष्टी बघा. एक, पानसंख्या: कादंबरी म्हणून पंचवीस पानांचा मजकूर विकणारे पुष्कळ आहेत. दोन, लेखकाचं नाव: स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांची नव्या मुखपृष्ठासह चढवलेली आवृत्ती ‘नवी’ म्हणून वर येते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे ही भर सतत पडत असते.

मोफत नमुना जरूर उतरवून घ्या. तो साधारण पहिल्या दहा टक्क्यांचा असतो. मनोगत, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि अर्पणपत्रिका यांतच नमुना संपला तर अर्थात काहीच कळत नाही. नवे लेखक वाचत असतील तर त्यांना विनंती: प्रस्तावना पुस्तकाच्या शेवटी टाका.

एखादं ई-बुक किंडलवर आहे, पण बुकगंगावर (मराठी पुस्तकांचं ऑनलाइन दुकान) किंवा लेखकाच्या संकेतस्थळावर का नाही, हा प्रश्न वारंवार येतो. कारण करारात आहे. किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वाचकाने वर्गणी भरून वाचायच्या योजनेत, पुस्तक ठेवायचं तर लेखकाला नव्वद दिवसांसाठी ई-बुक दुसरीकडे कुठेही न देण्याची हमी द्यावी लागते, आणि तो काळ आपोआप पुढे वाढत राहतो. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवं असेल तर ही अट मान्य करावीच लागते, नाहीतर पस्तीस टक्के. बंधन फक्त ई-बुकवर असतं, छापील प्रत लेखक कुठेही विकू शकतो. याच योजनेत लेखकाला नव्वद दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. म्हणून आवडलेल्या लेखकाचं पान ‘फॉलो’ करा आणि पुस्तक इच्छायादीत टाकून अधूनमधून किंमत बघत राहा.

अनलिमिटेडवर वाचताना एक लक्षात असू द्या: तिथे लेखकाला वाचलेल्या पानांनुसार पैसे मिळतात. पुस्तक नुसतं उतरवून ठेवल्याने त्याला काही मिळत नाही.

गोदाकाठची

काजवाताई, लेखकाचं नाव नीट टाइप करूनही किंडलवर आणि बुकगंगावर पुस्तक सापडत नाही, असं खूपदा होतं. नाव बरोबर असतं, पुस्तकही असतं.

काजवा_९

तीन कारणं असतात. पहिलं, ‘ॲ’. हे अक्षर एकच चिन्ह म्हणून टाइप करता येतं किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं. ‘ऱ्या’चंही तसंच, तोही दोन-तीन प्रकारे टाइप होतो. शीर्षकात यांपैकी काही असेल तर तो शब्द गाळा आणि दुसऱ्या शब्दाने शोधा. दुसरं, बरेच लेखक नोंदणी करताना स्वतःचं नाव रोमन लिपीत देतात, म्हणून आडनाव इंग्रजी स्पेलिंगने, दोन-तीन पर्याय करून टाका. तिसरं, एका ठिकाणी मधलं नाव असतं आणि दुसरीकडे नुसती आद्याक्षरं. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आयएसबीएन माहीत असेल तर तो तेरा आकडी क्रमांक तसाच शोधात टाकणं. फक्त किंडलवरच असलेल्या पुस्तकाला मात्र आयएसबीएन सक्तीचा नाही, त्यामुळे तिथे ही वाट बंद असू शकते.

रानफूल

प्रतिलिपी या ऑनलाइन कथा लिहिण्या-वाचण्याच्या ॲपचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. क्रमशः कादंबरी, भय आणि कौटुंबिक कथा यांत आज सर्वांत जास्त नवं लेखन तिथे येतं. दर्जाचं अंतरही तिथेच सर्वांत मोठं आहे, हेही खरं.

ताऱ्यांवर जाऊ नका. लेखक एकमेकांना पाच तारे देतात, त्यामुळे सरासरी जवळपास सगळ्यांची सारखीच असते. त्यापेक्षा पहिल्या भागाखालचे अभिप्राय आणि पंधराव्या-विसाव्या भागाखालचे अभिप्राय शेजारी ठेवून बघा. पहिल्या भागाखाली दोनशे आणि पंधराव्याखाली दहा असतील तर वाचक मधेच उतरले. संख्या टिकून असेल तर मजकूर वाचा: ‘मस्त’, ‘पुढचा भाग लवकर टाका’ यांतून फक्त उत्कंठा कळते. एखाद्या पात्राच्या वागण्यावर वाचक वाद घालत असतील तर ती कथा उघडा.

कथा पूर्ण आहे की चालू, हे आधीच बघा. चालू कथेच्या शेवटच्या भागाची तारीख तीन महिन्यांपूर्वीची असेल तर ती बंद पडली असं समजा. काही कथांचे भाग नाण्यांवर किंवा सदस्यत्वावर उघडतात, तेव्हा मोफत भाग संपेपर्यंत कथेने पकड घेतली का, एवढाच निकष लावा. क्रमशः लेखनाचा एक अंगभूत दोष असतो: प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का द्यायची सवय लागते. सलग चार भाग वाचून बघा. चौथ्या भागाच्या सुरुवातीला आधीचा धक्का ‘ते स्वप्न होतं’ छापाने विरघळत असेल तर पुढेही तेच.

कर्णपिशवी

ऑडिओबद्दल थोडं. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं ॲप २०१७च्या नोव्हेंबरात भारतात आलं आणि मराठीत फक्त ऐकण्यासाठी लिहून घेतलेल्या मालिका तिथे निघाल्या. त्या पुस्तकांच्या दुकानात शोधून मिळत नाहीत, ‘ओरिजिनल’ असं शोधावं लागतं. रहस्य आणि भय हे प्रकार तिथे वाचनापेक्षा जास्त खुलतात.

पारख करताना निवेदकाला आणि लेखकाला वेगळं करा. कसलेला निवेदक सुमार संहिताही ओढून नेतो. पंधरा मिनिटं ऐका, मग वेग सव्वापट करून पाच मिनिटं ऐका. वेग वाढवला की आवाजाची जादू ओसरते आणि वाक्यं उघडी पडतात. ऑडिओत शुद्धलेखन लपतं, संवाद मात्र लपत नाहीत.

निळाई

सगळं पडद्यावरच चाललंय. स्टॉलवरची पुस्तकं विसरू नका.

६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कावर आणि विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथे लहान प्रकाशनांची आणि स्वतः छापलेली जेवढी पुस्तकं एका जागी मिळतात, तेवढी इतरत्र क्वचित. वैचारिक पुस्तकं आणि आत्मकथनं पुढे मांडलेली असतात. कथासंग्रह आणि कादंबऱ्या मागच्या रांगेत किंवा टेबलाखालच्या खोक्यात. ‘कथा-कादंबरी काय आहे?’ असं विचारलं तरच बाहेर निघतात. किमती कमी, सुटे पैसे जवळ ठेवा. गर्दीत नेटवर्क चालत नाही, यूपीआयवर विसंबू नका. आणि स्टॉलवाल्याकडून सूचीपत्र मागून घ्या. लहान प्रकाशनांची सगळी यादी अनेकदा त्या एका घडीपत्रकातच असते, दुसरीकडे कुठेही नाही.

विद्रोही साहित्य संमेलन (१९९९ पासून), अखिल भारतीय संमेलनाचं ग्रंथप्रदर्शन आणि २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात भरणारा पुणे पुस्तक महोत्सव इथेही हेच करा. मोठी दालनं शहरात वर्षभर सापडतात. कोपऱ्यातले, एकाच लेखकाची तीन-चार पुस्तकं मांडून बसलेले गाळे आधी गाठा, आणि दुपारी जा. संध्याकाळी त्यांच्याशी बोलायलाही सवड मिळत नाही.

हडसनकाठ

परदेशातून वाचणाऱ्यांसाठी. छापील पुस्तकाचं टपाल पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट पडतं, म्हणून दहा-बारा पुस्तकांची यादी साठवून एकत्र मागवावी किंवा भारतातून येणाऱ्यासोबत आणवावी.

ई-साहित्य प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावर नव्या लेखकांच्या कादंबऱ्या पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. सहा इंची वाचनयंत्रावर ही पीडीएफ बारीक दिसते. यंत्र आडवं धरून वाचा, अर्धं पान रुंदीभर येतं. पीडीएफचं ईपबमध्ये (अक्षरं लहान-मोठी करता येणारं ई-बुक) रूपांतर करायच्या फंदात पडण्याआधी एक चाचणी करा: पीडीएफमधली एक ओळ निवडून नोंदवहीच्या ॲपमध्ये चिकटवा. देवनागरी उमटली तर रूपांतर बरं होईल. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटला तर फाइल जुन्या फाँटमधली आहे. रूपांतर केलं तरी तोच कचरा पुस्तकभर येणार. ईपब मिळालीच तर ती ‘सेंड टू किंडल’ने थेट पाठवता येते.

ग्रंथपाल_मावशी

ग्रंथालयाचा उपयोग पुस्तक आणण्यापुरता करू नका, पुस्तक *मागवण्यासाठी* करा. सार्वजनिक ग्रंथालयांत अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान वर्गानुसार मिळतं. त्यातला काही भाग ग्रंथखरेदीवर खर्च करावाच लागतो. मार्च जवळ आला की खरेदीची घाई होते आणि मग वितरकाच्या यादीतून सरसकट पुस्तकं घेतली जातात. म्हणून मागणी दिवाळीनंतर लगेच द्या. नुसतं ‘अमुक पुस्तक आणा’ असं सांगू नका. शीर्षक, लेखक, प्रकाशन, किंमत, आयएसबीएन, आणि कुठे मिळेल त्याचा पत्ता किंवा फोन, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. स्वतः छापलेलं पुस्तक वितरकाच्या यादीत नसतं आणि ग्रंथपालाला त्याचं रीतसर बिल लागतं. लेखक बिल देईल का, हे आधी विचारून ठेवलंत तर काम सोपं होतं. दोन-तीन सभासदांनी तीच मागणी केली तर समितीपुढे ती नेता येते.

जुनं, बाजारातून नाहीसं झालेलं पुस्तक हवं असेल तर १९५४च्या कायद्याचा आधार आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह तीन शहरांतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. सगळे देत नाहीत, पण मुंबईच्या टाउन हॉलमधल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करून मगच हार माना.

देवराई

मावशी, मार्चचा मुद्दा फार मोलाचा.

स्पर्धांबद्दल कुणी लिहिलं नाही. विज्ञानकथेसाठी मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा अजूनही सर्वांत भरवशाची जागा आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी या स्पर्धेत टोपणनावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात कथा पाठवली होती, ओळखीचा प्रभाव पडू नये म्हणून. पहिलं बक्षीस त्या कथेला मिळालं. नाव झाकून निवड झाली की अनोळखी लेखकाला खरी संधी मिळते. म्हणून कुठल्याही स्पर्धेच्या नियमांत ‘कथेवर लेखकाचं नाव नसावं’ ही अट आहे का ते बघा, आणि प्रवेशशुल्क घेऊन सगळ्यांचा ‘निवडक संग्रह’ छापणाऱ्या, तो लेखकांनाच विकणाऱ्या स्पर्धांपासून दूर राहा.

इंग्रजीत २०१५ साली स्वयंप्रकाशित फँटसीसाठी एक स्पर्धा सुरू झाली. तिची रचना आपल्याला उचलण्यासारखी आहे. तीनशे पुस्तकं, दहा परीक्षक गट, प्रत्येकाकडे तीस. प्रत्येक गट आपल्या तिसांतून एक निवडतो, मग ती दहा पुस्तकं सगळे वाचतात. कुणी एकट्याने तीनशे वाचायची गरज पडत नाही आणि प्रत्येक पुस्तक निदान एका गटाच्या हाताखालून जातं.

शब्दझुला

हे आपण करू शकतो का? लहान प्रमाणावर?

फर्मा_सोळा

करता येईल. वीस पुस्तकं, चार वाचक, प्रत्येकी पाच. चिठ्ठ्या टाकून वाटप करा, नाहीतर विज्ञानकथा वाचणाऱ्याकडे फक्त विज्ञानकथा जातात आणि तो आपल्याच आवडीची पाठ थोपटतो. प्रत्येक पुस्तकाची किमान पन्नास पानं सक्तीची, पुढे वाचायचं की नाही ते वाचकावर. सोडलं तर कुठल्या पानावर आणि का, हे दोन ओळींत लिहायचं. सहा आठवड्यांनी प्रत्येकाने एक पुस्तक पुढे द्यायचं, ती चार सगळ्यांनी पूर्ण वाचायची. पुस्तकं विकत घ्यायची किंवा ग्रंथालयातून आणायची. लेखकाकडून फुकट प्रत मागायची नाही, म्हणजे भिडेपोटी लिहावं लागत नाही. आणि लेखक गटातल्या कुणाच्या ओळखीचा असेल तर त्या वाचकाने ते पुस्तक बदलून घ्यायचं.

काजवा_९

माझं नाव धरा. अभिप्राय लिहिताना एक ठरवू: पुस्तक कोणत्या प्रकारचं, किती पानांचं, कुठून आणि केवढ्याला मिळालं, हे पहिल्या दोन ओळींत यायलाच हवं. चांगल्या अभिप्रायाखाली ‘कुठे मिळेल?’ हाच प्रश्न वीस वेळा येतो आणि उत्तर कुणीच देत नाही.

निळाई

मीही. वीसपैकी किमान पाच पुस्तकं तरी ऑनलाइन कुठेच न मिळणारी असावीत. ती आणायचं काम माझ्याकडे.

गोदाकाठची

चौथी मी. देवराई, वीस नावांची यादी वेगळ्या धाग्यावर काढता का? ग्रंथालयातून जी मिळतील ती मी आधी तपासून कळवते.